ऐकव जरा

दसऱ्याला शुवैखच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुना हायड्रॉलिक सरफेस ग्राइंडर आणून मागच्या शेडमध्ये उतरवला. सौ. म्हणाली, "लोक सोनं आणतात, तुम्ही लोखंड आणलंत!"

टाकी उघडली, तर तळाशी इथल्या धुळीचा चिखल. टाकी पुसली, गाळणी धुतली, सील बदलले, ६८ नंबरचं तेल भरलं. तरी टेबल आचके देतच सरकेना का! नवा पंप घ्यायच्या विचारात होतो.

किर्लोस्करवाडीला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. सगळी नोकरी ग्राइंडिंगवर. आता दिसतं कमी. म्हणाले, "दाखवू नकोस, ऐकव." मिनिटभराने म्हणाले, "पंप चांगला आहे. हवा धरलीय. सक्शनचे जोड आवळ, मग टेबल पूर्ण लांबीचं वीसेक वेळा फिरव."

तसं केलं. टेबल लोण्यासारखं सरकू लागलं.

"दगड वाजवून बघितलास?" मडक्यासारखाच तो वाजवून घ्यायचा, बद्द वाजला तर तडा. फोनजवळ धरून टिचकी मारली. खणखणीत! पलीकडून आवाज आला, "चढव."

इतकी वर्षं आमचं बोलणं तब्येतीपलीकडे जात नव्हतं. आता दर शुक्रवारी त्यांचाच फोन येतो, "आज काय घासलंस?"