जिथून फिरणारे परत वळतात

कार्टर रोडला कागदोपत्री संगीतकार नौशाद यांचे नाव आहे. पण रिक्षावाल्याला ते सांगून उपयोग नाही. या रस्त्याच्या कडेने समुद्राला लागून जो फिरण्याचा मार्ग आहे, त्यावर रोज सकाळी वांद्रे-खारची निम्मी वस्ती उतरते की काय, असे वाटावे. पण या गर्दीची एक गंमत आहे. उत्तरेकडे चालत आले, की फरसबंदी संपते, डाव्या हाताची तिवरे मागे पडतात आणि वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास येतो. तिथे मंडळी नाकाला रुमाल लावतात आणि मागे वळतात. पुढे खारदांडा आहे. (हीच मंडळी संध्याकाळी हॉटेलात बोंबील फ्राय मागवताना दिसतात, ते सोडा.)

माझ्याबरोबर फिरणाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे असे, की ही फरसबंदी पुढे न्यावी, दांड्याचा किनारा स्वच्छ करावा, बाके टाकावीत, दिवे लावावेत. 'एवढी मोकळी जागा वाया चालली आहे हो!' असे ते कळवळून म्हणतात. माझा या कळवळ्याला विरोध आहे.

मोकळी जागा म्हणजे काय? पावसाळ्यानंतर तिथे जाऊन पाहा. काठ्यांच्या मांडवांवर बांधलेल्या दोऱ्यांना बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले असतात. खाली जवळा पसरलेला. 'काका, जरा बाजूनी जा, जवला वाळत घातलाय,' असे एखादी कोळीण सांगते, तेव्हा तिच्या स्वरात राग नसतो; कारखान्यात चुकून शिरलेल्या माणसाला सांगावे, तसे ती सांगते. आणि तो कारखानाच आहे. फक्त त्याला भिंती नाहीत, पाटी नाही, म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमेद गेली. होडीसाठी कर्ज मागणारा आला, की आम्ही होडीची किंमत लिहीत असू, इंजिनाची लिहीत असू, जाळ्यांची लिहीत असू. मासळी सुकवायला जागा आहे का, हा रकानाच अर्जात नव्हता. जागा कुणा एकाच्या नावावर नसे, वाडीची असे. जे तारण ठेवता येत नाही ते कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही ते शहराच्या नकाशात 'मोकळे' दिसते. कोळीवाड्यांच्या हद्दी नीट आखून द्या, ही मागणी कोळी समाज उगीच वर्षानुवर्षे करीत आलेला नाही.

तिवरांचेच पाहा. एके काळी ती दलदल होती, भराव टाकण्यासाठीच जन्मलेली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीला मनाई केली, २०१८ साली ती अधिक पक्की केली आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष असा मान मिळाला. झाड तेच, चिखलही तोच. फक्त त्याची नोंद झाली.

हिरव्या शहराचे उदाहरण म्हणून आपल्याकडे सिंगापूरचे नाव घेतात. मलबार हिलच्या झाडीतून ४८५ मीटरचा लाकडी उन्नत मार्ग मार्च २०२५ मध्ये खुला झाला, तेव्हाही ते घेतले गेले. मार्ग देखणा आहे. पण ऑनलाइन वेळ ठरवून, २५ रुपयांचे तिकीट काढून चालायला जाणे हे मला सिनेमाला जाण्यासारखे वाटते. सिंगापूरचे खरे कौतुक करायचे, तर ते त्या झाडांच्या शेंड्यांवरच्या पुलाचे नव्हे. तिथे एका बागेपासून दुसऱ्या बागेपर्यंत जाणारे मार्ग १९९०च्या दशकापासून जोडत नेले आणि आज ते तीनशे किलोमीटरच्या वर गेले आहेत. माणूस घरातून निघतो आणि चालत राहतो. आपल्याकडे जॉगर्स पार्क १९९० पासून आहे, धारावीत कचऱ्याच्या ढिगावर उभे राहिलेले निसर्ग उद्यान १९९४ पासून आहे, बोरिवलीचे शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान तर आहेच. पण एकातून दुसऱ्याकडे पायी निघालेला माणूस वाटेत गटारावरच्या फुटक्या लादीत अडकतो.

मात्र सिंगापूरची दुसरी बाजूही आहे. तिथल्या वाड्यांना कंपाँग म्हणतात, किनाऱ्यावर कोळ्यांचेही कंपाँग होते. १९६० नंतरच्या दोन-अडीच दशकांत ते उठवून माणसे उंच इमारतींत नेली. मुख्य बेटावर आता असा एकच जुना कंपाँग उरला आहे आणि लोक तो पाहायला जातात! तेव्हा जोडण्याची कला त्यांच्याकडून जरूर घ्यावी. उठवण्याची नको. दांड्यासमोरच्या समुद्रात वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे खांब येत असताना किनाऱ्याची उरलीसुरली पट्टीही आपल्या बाकांसाठी मागणे, हे मला पटत नाही.

फिरायला वाट हवी, हे कबूल. ती आहेच. फरसबंदी संपते तिथून वाडीच्या गल्लीत शिरा. मासळी सुकवण्याची जागा आधी सरकारी कागदावर मासळी सुकवण्याचीच म्हणून चढवावी आणि मग तिला वळसा घालून गल्ली दुरुस्त करावी, दिवा लावावा, नाली झाकावी. तो खर्च महापालिकेला जड नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात आणि जाळी विणणारे हात मोकळेपणी बोलतात. बाकीच्या महिन्यांत पाय जपून टाकावा लागतो, आणि परतताना पाव किलो सुकट घ्यावी. घरी नाक मुरडले जाईल, पण जेवताना ते विसरतात.