रिकाम्या खोलीचे ऐश्वर्य

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरातली साफसफाई बहुधा उरकली असेल. माळ्यावरची भांडी खाली उतरून, घासूनपुसून पुन्हा माळ्यावर गेली असतील. शोकेसमधल्या बाहुल्या, कुणीतरी काश्मीरहून आणलेला शिकारा, चिरंजीवांना चौथीत मिळालेला चषक आणि लग्नात आलेला, एकदाही न वापरलेला टी-सेट यांची धूळ झटकून ज्याची त्याला जागा परत मिळाली असेल. घर आवरणे म्हणजे सगळ्या वस्तू उचलणे आणि होत्या तिथेच ठेवणे, असा आपला दरसालचा रिवाज. एखादी वस्तू कायमची काढून टाकावी असे मनात येत नाही असे नाही. पण ‘राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल’ या वाक्यापुढे कुणाचे काही चालत नाही. आमच्या घरी तर मुळीच चालत नाही.

म्हणून यंदा अशा एका गृहस्थाची हकीकत सांगावी म्हणतो, की ज्याने वस्तू काढून टाकण्याचाच व्यवसाय केला आणि त्याबद्दल पॅरिसच्या बड्याबड्या धनिकांकडून घसघशीत मोबदला घेतला. त्याचे नाव झाँ-मिशेल फ्रांक. श्रीमंतांची दालने सजवणे हे त्याचे काम. पण त्याच्या हातून सजलेल्या दालनात शिरणाऱ्याला प्रथम वाटे, की सामान अजून यायचे आहे! कवी झाँ कॉक्तो याचा एक किस्सा सांगतात. फ्रांकचे राहते घर पाहून बाहेर पडताना तो म्हणाला म्हणे, की तरुण मोठा लाघवी आहे, पण बिचाऱ्याकडे चोरी झालेली दिसते.

फ्रांकचा जन्म १८९५ साली पॅरिसमध्ये, एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. त्या काळच्या सुखवस्तू घराचे चित्र डोळ्यांसमोर आणायचे तर आपल्या जुन्या संस्थानिकांचे दिवाणखाने आठवावेत. सोनेरी चौकटींचे आरसे, मखमली पडदे, त्यांना झालर, झालरीला गोंडे, आणि उरलेल्या जागेत कुंडीतले ताड. पुढे १९२५ साली पॅरिसमध्ये सजावटकलेचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात नव्या पद्धतीचे सामान आले खरे, पण तेही आबनूस आणि हस्तिदंत मिरवणारेच. श्रीमंती ही दिसली पाहिजे, याबद्दल जुन्या-नव्यांचे एकमत होते.

फ्रांकला वेगळी वाट दाखवली ती एका बाईने. युजेनिया एराझुरिझ ही दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाची धनाढ्य स्त्री. पिकासो आणि स्ट्राविन्स्की यांच्यासारख्या कलावंतांना तिने आश्रय दिला. पण तिच्या स्वतःच्या घरात भिंतींना पांढरी सफेदी, पायाखाली लाल फरशी आणि खिडक्यांना साधे सुती-तागाचे पडदे. घरात एखादी वस्तू आली, की दुसरी कुठली जाणार हा तिचा पहिला प्रश्न असे, असे तिच्याबद्दल वाचले की मला तिचा हेवा वाटतो. शोभा म्हणजे वगळणे, हे तिचे सूत्र. फ्रांकने ते सूत्र उचलले आणि त्याला कारागिराचा हात दिला. हा कारागीर म्हणजे अदॉल्फ शानो. उत्तम सुतार-रचनाकार, आणि नामांकित कारखान्यांत तयार झालेला. त्याच्या साथीशिवाय फ्रांकच्या कल्पना कागदावरच राहिल्या असत्या, असे मला वाटते. पण नाव मालकाचे होते, कारागिराचे क्वचितच, हे काही पॅरिसपुरतेच खरे नाही.

आता त्यांचे काम कसे चाले ते जरा निवांतपणे पाहू, कारण खरी मौज तिथेच आहे.

एक उदाहरण गवताच्या काडीचे. राय म्हणून गव्हाच्या जातकुळीतले एक धान्य युरोपात पिकते. त्याचे काड म्हणजे आपल्याकडल्या कडब्याइतकेच मोलाचे, गुरांपुढे टाकायचे. फ्रांकच्या कारखान्यात ही एकेक काडी उभी चिरीत, उघडून सपाट करीत आणि फितीसारखी झालेली ती काडी लाकडावर सरसाने चिकटवीत. तिच्या शेजारी दुसरी, दुसरीशेजारी तिसरी. मध्ये केसभरही फट दिसता कामा नये. असे करीत करीत अख्खा पडदा, अख्खे कपाट, कधी अख्खी भिंत मढवायची. काडीच्या पाठीला निसर्गतःच एक चकाकी असते. त्यामुळे उजेड फिरेल तशी ती भिंत कधी मधासारखी, कधी जुन्या सोन्यासारखी दिसते. वर रंग नाही, नक्षी नाही. कला फ्रान्समध्ये सतराव्या शतकापासूनची. पण तिच्यात एरवी फुले-पाने, पक्षी काढीत. फ्रांकने पक्षी उडवून लावले आणि काडी तेवढी ठेवली.

दुसरे उदाहरण पाकटाचे. होय, आपल्या कोळणींच्या पाटीत असतो तो पाकट! त्याचे कातडे वाळवून घासले म्हणजे त्यावर बारीक मोत्यांसारखे दाणे दिसतात. या कातड्याने फ्रांक मेजाचे वरचे अंग मढवी. दिव्यांसाठी त्याने स्फटिकाचे ओबडधोबड खडे घेतले, अभ्रक घेतले, आणि साधे पांढरे प्लास्टरसुद्धा घेतले. प्लास्टरचे दिवे घडवणारा कोण, तर आल्बेर्तो जाकोमेत्ती, जो पुढे विसाव्या शतकातला अग्रगण्य शिल्पकार म्हणून गाजला. त्या वेळी तो आणि त्याचा भाऊ दियेगो फ्रांकसाठी दिवे आणि फुलदाण्या करून पोट भरीत होते.

यातले मर्म माझ्या दृष्टीने असे, की फ्रांकने किमतीची उतरंडच मोडून टाकली. काडीला हस्तिदंताइतके कष्ट द्यायचे आणि महागड्या कातड्याला खादीसारखे साधे दिसू द्यायचे. पाहुण्याने खोलीत यावे, अर्धा तास बसावे आणि मग हात भिंतीला लागला तर त्याला कळावे, की हा रंग नव्हे. कळले नाही तरी हरकत नाही. यजमानाला ठाऊक आहे, तेवढे पुरे.

१९२० नंतरच्या त्या दशकात त्याचे सर्वांत गाजलेले काम झाले ते पॅरिसमधल्या नोआय नावाच्या उमराव दांपत्याच्या वाड्यात. वाडा जुना, छत उंच. दिवाणखान्याच्या भिंती फ्रांकने खालपासून वरपर्यंत चर्मपत्राच्या चौकोनी तुकड्यांनी मढवल्या. जुन्या पोथ्यांच्या पानांचा जो फिकट पिवळसर रंग, तोच सगळ्या खोलीचा. दारे काशाची, सामान मोजके, सगळे ठेंगणे आणि काटकोनात. पुढे ती खोली पाहायला लोक देशोदेशींहून येत. गंमत अशी, की वर्षे गेली तशी घरच्या मालकिणीने त्या भिंतींवर चित्रे टांगली, मेजांवर फोटो, खेळणी, चिमुकल्या वस्तू आणून मांडल्या, आणि खोली पुन्हा गजबजून गेली. रागवावे असे मला तरी यात काही दिसत नाही. तिला तिथे राहायचे होते. फ्रांकला फक्त करून जायचे होते.

इथे माझी जुनी शंका डोके वर काढते. या रिकाम्या खोलीतल्या माणसांची पांघरुणे कुठे होती? औषधाच्या बाटल्या, इस्त्रीचे कपडे, मुलांची दप्तरे? अर्थातच भिंतीपलीकडे. तिथे कपाटांच्या रांगा होत्या, कोठीघर होते, आणि ते सांभाळणारे नोकर होते. एका खोलीने रिकामे दिसावे म्हणून चार खोल्यांनी भरलेले राहायचे! दोन खोल्यांच्या संसारात, जिथे दिवाणाच्या पोटात गाद्या आणि गाद्यांच्या वर पाहुणे असतात, तिथे हे तत्त्वज्ञान कसे उतरायचे? आपल्या आजोबांच्या ओटीवरही काही नसे. एक झोपाळा, एक सतरंजी, दोन खुंट्या आणि कोनाड्यात समई. पण ते रितेपण कुणी विकत घेतलेले नव्हते. हल्ली कुणी त्याला कौतुकाने परदेशी नाव देऊ लागला म्हणजे मला किंचित राग येतो. नसण्यातला साधेपणा आणि असून वगळण्यातला साधेपणा हे छायाचित्रात सारखे दिसतात. राहणाऱ्याला ते सारखे नसतात.

तरीही फ्रांकला मी निव्वळ श्रीमंतांचा चोचलेबाज म्हणायला तयार नाही, कारण त्याचा संयम हट्टी नव्हता. १९३५ साली पॅरिसच्या फोबूर सेंत-ऑनोरे रस्त्यावर त्याने दुकान थाटले. आणि याच माणसाच्या कारखान्यात साल्व्हादोर दालीचा तो प्रसिद्ध ओठांच्या आकाराचा सोफाही घडला. न्यूयॉर्कला १९३७-३८ साली नेल्सन रॉकफेलरचे घर त्याने सजवले, तेव्हा तिथल्या दोन शेकोट्यांभोवती मातीस आणि लेजे यांनी चित्रे रंगवली. आजूबाजूचे शांत असले की एखादा मोठा आवाज खुलून दिसतो, हे त्याला कळत होते.

(याच सुमारास, १९३० ते १९३३ या काळात, आपल्या होळकरांनीही असाच एक धीट प्रयोग केला. यशवंतरावांनी इंदूरला माणिकबाग राजवाडा सजवायला एकार्ट म्युथेसियस या तरुण जर्मन रचनाकाराला बोलावले आणि झुंबरे, गिलावे, जरतार बाजूला सारून पोलाद-काचेचे नवे सामान आणवले. १९८० साली ते सामान मोनॅकोत लिलावात निघाले. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.)

फ्रांकच्या आयुष्याविषयी लिहिणारे एक उलगडा हमखास देतात. १९१५ साली त्याचे दोघे थोरले भाऊ फ्रान्ससाठी लढताना महायुद्धात पडले. त्याच वर्षी वडिलांनी आत्महत्या केली. आई त्या धक्क्यातून सावरली नाही, तीही १९२८ साली गेली. घर असे रिकामे झाले, म्हणून त्याने रिकाम्या खोल्या केल्या, असा हा हिशेब. मला तो पटत नाही. माणसे गेलेली घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. ती रिकामी होत नाहीत, उलट भरतात. गेलेल्यांचे फोटो येतात, त्यांची काठी, त्यांचा चष्मा, त्यांचे घड्याळ, काहीही टाकवत नाही. शिवाय वगळण्याचा धडा फ्रांकने घेतला तो भरल्या घरातल्या युजेनियाकडून. दुःखाने त्याला अबोल केले असेल. काडी मात्र शानोच्या हाताने आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्याने चिकटली. कारागिरीचे श्रेय दुःखाला देऊन टाकणे हा मला कारागिरावर अन्याय वाटतो.

१९४० साली जर्मन फौजा पॅरिसकडे येऊ लागल्या, तेव्हा ज्यू असलेल्या फ्रांकने देश सोडला. ब्युनोस आयर्सला त्याचे व्यावसायिक संबंध होते, तिथे काही काळ काढून तो न्यूयॉर्कला गेला. मार्च १९४१ मध्ये तिथेच त्याने स्वतःच्या हाताने जीवन संपवले. वय अवघे ४६. त्याचा सख्खा चुलतभाऊ ऑटो या वेळी बायको-मुलींसह अ‍ॅमस्टरडॅममध्ये होता. पुढच्या वर्षी, जुलै १९४२ मध्ये, ते कुटुंब एका कचेरीच्या मागच्या खोल्यांत लपले. ऑटोची धाकटी मुलगी अ‍ॅन; तिची रोजनिशी तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल.

फ्रांकचे काडीचे पडदे आणि पाकटाची मेजे पुढे संग्राहकांच्या हाती गेली. कपड्यांच्या दुनियेतला बादशहा ईव्ह सँ लॉराँ हा त्यातलाच एक. ती आपल्या दृष्टीला पडायची नाहीत. पण त्याची एक वस्तू तुम्ही नक्की पाहिली आहे. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या पार्सन्स या कलाशाळेच्या पॅरिस शाखेत तो शिकवायला जात असे. काडीने मढवा, सोन्याने मढवा किंवा गोणपाटाने मढवा, ज्याचे रूप बदलणार नाही असे मेज काढून दाखवा, असा प्रश्न त्याने विद्यार्थ्यांपुढे टाकला, असे सांगतात. त्यातून जे निघाले ते अगदी सोपे: चौकोनी फळी, चार चौकोनी पाय, आणि पायाची रुंदी बरोबर फळीच्या जाडीइतकी. बस्स. नाव पडले ते शाळेचे, पार्सन्स टेबल, फ्रांकचे नाही. आज ते जगभर लाकडात, लोखंडात, प्लॅस्टिकमध्ये निघते.

हे वाचल्यावर मी फूटपट्टी घेऊन आमच्या घरातली मेजे मोजली. धाकट्याच्या अभ्यासाचे मेज, जे आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून सर्वांत स्वस्त म्हणून उचलले होते, ते निघाले: पाय दोन इंच, फळीची कड दोन इंच. त्यावर या क्षणी कंपासपेटी, अर्धा आकाशकंदील, चिकटवायची खळ आणि चकलीची ताटली आहे.