टाळी वाजविण्याचे काम आजोबांचे

नाताळच्या सुटीत मुलांना कोठे न्यावे, हा प्रश्न डिसेंबर लागला की घरोघरी निघतो. वडील खिशाकडे पाहतात, आई घरातील कामाच्या ढिगाकडे पाहते आणि मुले दोघांच्या तोंडाकडे पाहतात. सहल ठरलीच तर तरुण मंडळी पुढे होतात व म्हातारी माणसे गुरेकोंबड्या सांभाळीत मागे राहतात. "आम्हाला आता काय पाहावयाचे राहिले आहे?" असे ती स्वतःच म्हणतात, आणि आपण ते फार लवकर खरे मानतो.

म्हणून आज वाचकांपुढे एक असे शहर ठेवीत आहो, की जेथे घरातील लहानथोर सर्वांना पाहावयास तर मिळतेच, पण करावयासही काही मिळते. ते शहर म्हणजे हैदराबाद. मराठी माणसाला ते परके नाही. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. मुंबईहून रात्रीच्या आगगाडीत बसले म्हणजे दुसऱ्या दिवशी तेथे उतरता येते. १५९१ साली बांधलेला चारमिनार सर्वांना चित्रांतून ठाऊक आहे. आम्ही सांगणार आहोत त्या तेथील काही विक्षिप्त, गमतीच्या गोष्टी.

पहिली गोष्ट गोवळकोंड्याची. या किल्ल्याच्या प्रवेशद्वारात एक घुमट आहे. त्याखाली ठराविक जागी उभे राहून टाळी वाजविली, तर ती सुमारे चारशे फूट उंच टेकडीच्या माथ्यावर, बाला हिसार येथे ऐकू येते. घुमटाच्या वळणदार पृष्ठांवरून आवाज परततो, एकवटतो आणि वर जातो. शत्रू दाराशी आल्याची वर्दी त्या काळी अशी वर पोचत असे, असे सांगतात. आता गंमत अशी की, ही परीक्षा एकट्याला करता येत नाही. कोणी तरी खाली राहावयास हवे व कोणी तरी वर जावयास हवे. वर जाण्यास साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्या आजोबांनी खाली थांबावे, नातवंडांनी वर धावावे. एरवी जे आजोबा वाटेतच बसवून ठेविले गेले असते, त्यांच्या टाळीची सर्वजण वर कान देऊन वाट पाहतात! त्यांच्यावाचून वर चढणाऱ्यांचे श्रम फुकट जातात.

दुसरी गोष्ट सालारजंग संग्रहालयातील घड्याळाची. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान १९४९ साली वारले. त्यांनी जमविलेल्या वस्तूंचे हे संग्रहालय पंडित नेहरूंच्या हस्ते १६ डिसेंबर १९५१ रोजी उघडले गेले, आणि १९६८ साली मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत आले. तेथे कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीचे एक घड्याळ आहे. त्यात एक चिमुकला लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारीत असतो. तास भरत आला की दाढीवाला एक पुतळा दार उघडून बाहेर येतो, जितके वाजले असतील तितके टोले घंटेवर देतो आणि पुन्हा आत जातो. हे पाहावयास लोक आधीपासून येऊन बसतात. बाराचे टोले साधावेत, म्हणजे तो पाहुणा अधिक वेळ बाहेर राहतो. कडेवरचे मूल व ऐंशी वर्षांची आजी येथे अगदी बरोबरीने वाट पाहतात. मोठ्यांना लहानांपेक्षा अधिक कळते असे या ठिकाणी काही नाही.

त्याच संग्रहालयात लाकडाची एक दुहेरी मूर्ती आहे. पुढून पाहावे तर ताठ मानेचा सैतान मेफिस्टोफिलिस, आणि मागे लाविलेल्या आरशात पाहावे तर त्याच लाकडातून कोरलेली, मान खाली घातलेली मार्गारेटा. एकाच ओंडक्यात दोघे कसे राहतात, हे मुलांनी विचारले तर आईबापांनी उत्तराची घाई करू नये. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे मात्र आधी ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट बहादूरपुऱ्याच्या बाजूस २०१० साली उघडलेल्या सुधा कार्स या संग्रहालयाची. सुधाकर नावाच्या गृहस्थांनी भंगारातून बूट, पुस्तक, क्रिकेटची बॅट व चेंडू, वांगे अशा आकारांच्या मोटारी बनविल्या, आणि त्या चालतात! २००५ साली त्यांनी केलेली ४१ फूट ७ इंच उंचीची तीनचाकी सायकल जागतिक विक्रम म्हणून नोंदली गेली. गावात पंप वा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा काका येथे सोबत असावा. शाळेत फारसे न शिकलेला तो माणूस येथे मुलांचा शिक्षक होतो.

पुराणी हवेलीत सहाव्या निजामाचे १७६ फूट लांबीचे कपड्यांचे दालन आहे. एकदा अंगावर घातलेला पोशाख ते पुन्हा घालीत नसत, अशी आख्यायिका आहे. ते पाहून आपल्या घरातील एकुलत्या एका लाकडी पेटीची आठवण आजीने अवश्य सांगावी. लग्नात मिळालेले एक लुगडे किती वर्षे पुरले, हे नातीला तेथे जितके नीट समजेल तितके घरी समजणार नाही.

मुक्काम १ जानेवारीपर्यंत लांबला, तर नामपल्लीचे प्रदर्शन, म्हणजे तेथील लोकांची 'नुमाइश', पाहता येते. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ साली ते सुरू केले. हाती भांडवल अवघे अडीच रुपये होते, असे सांगतात. तेथील उत्पन्नातून आज अनेक शिक्षणसंस्था चालतात.

आता खर्चाचा व घराचा प्रश्न राहिला. एका दिवसात सारे पाहण्याचा हट्ट धरू नये. दिवसाला एकच स्थळ पाहिले म्हणजे धावपळ टळते व भाड्याचे पैसेही वाचतात. आईने मध्यरात्री उठून साऱ्यांच्या पुऱ्या लाटू नयेत; तिलाही सुटी आहे. गुरेकोंबड्यांचे म्हणाल, तर शेजारी कशाला असतात? यंदा त्यांनी आपले घर सांभाळावे, पुढील वर्षी आपण त्यांचे. दोन घरांनी अशी पाळी लाविली, तर दोन्हीकडील म्हातारी माणसे गाडीत बसतील. बेत ठरविण्यापूर्वी एकदा त्यांना विचारून पाहावे. नकोच म्हणतील, तर गोवळकोंड्याच्या दारात टाळी कोण वाजविणार, एवढेच विचारावे.