हप्त्याआधी हिशोब



मायक्रोफायनान्स कंपन्या आज वस्तीवस्तीत महिलांचे गट करून बिनतारण कर्ज देतात. एकीचा हप्ता थकला की बाकीच्या भरतात. कंपनीचा धोका असा गटाच्या डोक्यावर येतो. पण धंद्याचा धोका कोण मोजणार? तो आपणच मोजला पाहिजे.

समजा, भाजीच्या गाडीसाठी कर्ज काढले. हप्ता महिना २,१०० रुपये. सणासुदीला घरखर्च भागवून ४,००० रुपये उरतात, भर पावसाळ्यात मात्र १,२००. कमी पडणारे ९०० रुपये आणायचे कुठून? मग दुसऱ्या कंपनीचा गट! फास आवळतो तो इथेच. २०१० साली आंध्र प्रदेशात एकेका घरावर अनेक कर्जे चढली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला.

तेव्हा कर्जाचा आकडा वर्षातल्या सर्वांत पडत्या महिन्यावरून ठरवा. माल नासला, उधारी बुडाली, घरात आजारपण आले तर हप्ता कशातून जाईल, हे वहीत लिहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. पण निम्मे गेल्यावर चूल पेटेल का, हे कंपनी पाहणार नाही.

तथागतांनी सिगालाला कमाईचे चार भाग सांगितले: एक उपभोगाला, दोन धंद्याला, चौथा संकटासाठी. आपल्या कमाईत पूर्ण चौथा भाग निघणे कठीण, हे खरे. निदान दोन हप्त्यांचे पैसे गाठीशी बांधा, मगच सही करा.