विजोड स्मृतिपट्ट्यांची जोडी

लॅपटॉपच्या स्मृतीत भर घालावयाची झाल्यास नवी पट्टी जुनीच्याच कंपनीची, तेवढ्याच वेगाची व तेवढ्याच क्षमतेची असली पाहिजे, असा समज विक्रेत्यांत आणि ग्राहकांतही दृढ झालेला आहे. बाजारात या पट्टीला नुसते ‘रॅम’ म्हणतात. एखाद्या शाळेने हा समज शिरोधार्य मानला, तर सुस्थितीतील जुनी पट्टी काढून टाकावी लागते. आणि दोन नव्या पट्ट्यांचा खर्च अंदाजपत्रकात बसला नाही, की यंत्रच अडगळीत जाते. या समजात सत्यांश आहे, परंतु तो अपुरा आहे.

पिढीच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीस 204, डीडीआर४ पट्टीस 260 व डीडीआर५ पट्टीस 262 संपर्कबिंदू असतात आणि खाचेची जागाही निराळी असते. बळजबरी करणाऱ्याचा स्लॉट तेवढा मोडतो. डीडीआर३मध्ये आणखी एक फसवी बाब आहे. 1.5 व्होल्टची व 1.35 व्होल्टची पट्टी एकाच स्लॉटात बसते. पण केवळ 1.35 व्होल्टसाठी बनविलेल्या यंत्रात पहिली चालेल, अशी अपेक्षा धरू नये.

वेगाचे तसे नाही. प्रत्येक पट्टीवरील एका लहानशा चिपमध्ये तिचा वेग व कालमर्यादा नोंदलेल्या असतात. यंत्र सुरू होताना बायोस ही नोंद वाचतो आणि दोघींना झेपेल असा वेग ठरवितो. 2400 व 3200 अशी जोडी असल्यास दोन्ही पट्ट्या 2400नेच चालतात. जोतास लावलेल्या तरण्या बैलाला म्हाताऱ्याच्या चालीने चालावे लागते, तसेच हे आहे. नांगरट थांबत नाही.

क्षमता असमान असली तरी बिघडत नाही. 4 व 8 गिगाबाइटांची जोडी केल्यास इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत दोन्ही पट्ट्यांतील 4-4 गिगाबाइट जोडीने काम करतात व उरलेले 4 एकेरी मार्गाने चालतात. या एकेरी भागाचा वेग कमी असतो खरा. तथापि स्मृती अपुरी पडून यंत्र डिस्ककडे धाव घेऊ लागले, म्हणजे जो खोळंबा होतो, त्यापुढे ही उणीव नगण्य होय. चित्रमय खेळांच्या शौकिनांनी समसमान जोडीचा आग्रह धरावा. ग्रंथालयाच्या टेबलावर त्याचे प्रयोजन नाही.

खरे भय वेगळेच आहे. रॉबर्ट डेनार्ड यांनी 1966 साली आयबीएममध्ये जी स्मृतिरचना कल्पिली, तीत प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रातील विद्युत्भाराच्या रूपाने साठविला जातो. हा भार सतत गळतो. म्हणून सामान्यतः दर 64 सहस्रांश सेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. भिन्न बनावटीच्या पट्ट्यांचे कालमान क्वचित जुळत नाही. अशा वेळी यंत्र बंद पडले, तर ते सुदैवच. कारण दोष निदान दिसून तरी येतो. एखादाच बिट मुकाट्याने उलटला, तर दाखलनोंदवहीतील आकडा बदलून जतन होईल आणि कोणास पत्ताही लागणार नाही. बहुतेक लॅपटॉपांत असा दोष दुरुस्त करण्याची पुरती सोय नसते.

म्हणून नवी पट्टी बसविल्यावर मेमटेस्ट८६सारखी चाचणी रात्रभर चालवावी. एकही चूक आढळल्यास पट्ट्या एकेकट्या तपासाव्यात. दोन्ही निर्दोष ठरूनही जोडीने चुकत असतील, तर सारखा संच घेणे भाग आहे. पट्टी बदलून मिळण्याची अट विक्रेत्याशी आधीच ठरवून घ्यावी. आणि त्याहीपूर्वी झाकण उघडून पाहावे, कारण अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत स्मृती मुख्य फलकालाच डाक देऊन जोडलेली असते व रिकामा स्लॉट मुळी नसतोच.