मासे दाखवणारे यंत्र घ्या, पण बिल मोटर चालवून पाहिल्यावरच द्या!

मच्छीमार बांधवांनो आणि संस्थांच्या सचिव मंडळींनो, फिश फायंडर नावाचे यंत्र आता ऑर्डर केले की घरपोच येते. दुकानात ते चालू केले की पडद्यावर माशांची रांग दिसते आणि पाहणारा भुलतो. पण दुकानात पाणी कुठे असते? ते मासे यंत्रातच भरून ठेवलेले नमुन्याचे चित्र असते. तेव्हा त्या चित्रावर संस्थेचा ठराव करू नका. माझे म्हणणे यंत्र घेऊ नका असे नाही. ते कुठे आणि कसे बसवायचे हे न ठरवता घेऊ नका, एवढेच आहे.

उजनीचेच उदाहरण घ्या. १९८० साली धरण पुरे झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, हे आपण सगळेच पाहतो. पण न दिसणाऱ्या भिंती, विहिरींचे कठडे, झाडांची खुंटे किती? जाळे त्यात अडकून फाटते, आणि एका फाटलेल्या जाळ्याची किंमत तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून माझ्या मते आपल्याकडे या यंत्राचा खरा उपयोग तळ बघण्यासाठी आहे. मासा दिसला तर तो वरचा नफा. पडद्यावरचे माशाचे चिन्ह तसेही पक्के नसते. पाण्यातली काटकी, हवेचे बुडबुडे यांनाही यंत्र मासा म्हणते.

आता अडचण येते ती बॅटरीवरच्या मोटरीची. होडीला वल्ह्याऐवजी अशी मोटर लावली, की फिश फायंडरचा सेन्सर (त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात) तिच्याच खालच्या टोकाला बांधायचा मोह होतो. जागा सोयीची असते. पण मोटर सुरू झाली की पडद्यावर उभ्या रेघा आणि ठिपक्यांचा पाऊस पडतो, आणि आपण म्हणतो यंत्रच खराब निघाले.

यंत्र बहुतेक वेळा चांगलेच असते. सेन्सर पाण्यात आवाज सोडतो, तो तळाला आपटून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. म्हणजे पंधरा मीटर खोल तळावरून तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागात माघारी येतो. आलेला आवाज अगदी क्षीण असतो, म्हणून यंत्र तो खूप वाढवून दाखवते. त्याच वेळी शेजारून तीस-चाळीस अँपिअरचा करंट मोटरीला जात असतो, आणि वेग कमी-जास्त करणारे नवे इलेक्ट्रॉनिक बटण तो करंट सेकंदाला हजारो वेळा तोडते-जोडते. आकाशवाणीवर शेतीचा कार्यक्रम ऐकताना शेजारची मोटर सुरू झाली की रेडिओ कसा खरखरतो? तोच प्रकार.

ही खरखर दोन वाटांनी शिरते. एक वाट बॅटरीची. मोटर आणि यंत्र एकाच बॅटरीवर चालवू नका. यंत्राला बारा व्होल्टची सात अँपिअर-अवरची लहान बॅटरी वेगळी द्या, आणि बॅटरीजवळच्या पॉझिटिव्ह वायरीत यंत्राच्या पुस्तकात दिलेला फ्यूज टाका. निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटाव्यात, असा माझा अंदाज. दुसरी वाट केबलची. सेन्सरची केबल आणि मोटरीची जाड वायर एकत्र आवळून बांधली, की खरखर एकीतून दुसरीत उतरते. सेन्सरची केबल मोटरीच्या दांड्याच्या बाहेरून, मोटरीच्या वायरीपासून जमेल तेवढी दूर न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. मोटर वळते, वर उचलली जाते, म्हणून तिथे केबलला ढील ठेवा. आणि केबल लांब होते म्हणून कापू मात्र नका! कापून जोडलेल्या केबलीला खरखर शिरायला आणखी एक जागा मिळते, आणि जोडात पाणीही जाते.

सेन्सर मोटरीच्या पोटाखाली स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पने बांधावा, तोंड सरळ तळाकडे. तो तिरपा बसला तर खोली चुकते. केबल पंख्याच्या टप्प्यात येता कामा नये. आणखी एक ध्यानात ठेवा, यंत्र खोली मोजते ती सेन्सरपासून. सेन्सर दीड फूट पाण्यात असेल तर तेवढे वर धरावे, किंवा यंत्रातच तशी नोंद करावी.

खरे विचाराल तर मोटरीवर सेन्सर बांधण्याची पद्धत अमेरिकेतल्या गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांची. त्यांची मोटर होडीच्या नाळेला असते आणि मासा मोटरीखालीच हवा असतो. आपण जाळे ओढताना मोटर वर उचलून ठेवतो, मग सेन्सरही हवेत लटकतो. ऐन खुंट चुकवायच्या वेळी यंत्र आंधळे! त्यापेक्षा होडीच्या मागच्या फळीवर, मोटरीपासून शक्य तितक्या लांब कोपऱ्यात तो लावला तर आपल्या कामाला बरा, असे माझे मत.

आता सचिवांसाठी. दरपत्रक मागवताना बसवण्याचा खर्च त्यातच मागा, वेगळी बॅटरी धरून. बिलातली काही रक्कम पाण्यातल्या चाचणीपर्यंत राखून ठेवा. चाचणी सोपी आहे. मोटर बंद ठेवून तळ नीट दिसतो का ते पहा. मग मोटर हळू चालवा, वाढवत न्या, शेवटी पूर्ण वेगाने चालवा. रेघा मधल्या वेगाला येऊन पूर्ण वेगाला नाहीशा झाल्या, तर दोष बहुधा वेगाच्या बटणाचा. यंत्र वेगळ्या बॅटरीवर घेताच गेल्या, तर बॅटरीचा. होडी जोरात जातानाच आल्या, तर सेन्सरखाली बुडबुडे येत असतील. सेन्सर थोडा खाली घ्यावा.

आणि मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी मार्गावर बोट उलटून सहा जण गेले, ते विसरू नका. ज्या संस्थेच्या होड्यांवर माणशी एक लाइफ जॅकेट नाही, तिने फिश फायंडरचा विषय त्या खरेदीनंतरच्या सभेत घ्यावा.