बिघाड कळतो, पण सांगणार कोण?

विमान पडलं की सगळे विचारतात, चूक कोणाची? त्याआधी विचारायला हवं की बिघाड कोणाला माहीत होता आणि तो पुढच्या माणसापर्यंत का पोहोचला नाही.

२८ ऑक्टोबर २०१८. लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स बालीहून जकार्ताला निघालं. नुकताच बदललेला सेन्सर चुकीचं माप देत होता. कॅप्टनसमोरचा दांडा धोक्याचा इशारा देत थरथरत राहिला, विमान आपोआप नाक खाली घालू लागलं. वैमानिकांनी तो स्वयंचलित भाग बंद केला आणि विमान सुखरूप उतरवलं. पण लॉगबुकात वेग-उंचीच्या आकड्यांतली तफावत लिहिली. दांडा थरथरला, आपण काय बंद केलं, हे लिहिलंच नाही. मेकॅनिकने जे लिहिलं होतं तेच तपासलं. दुसऱ्या दिवशी त्याच विमानात बसलेल्या वैमानिकांना कालची खरी गोष्ट कळली नाही. १८९ माणसं जावा समुद्रात गेली.

वैमानिकांच्या माथी खापर फोडणं सोपं आहे. पण नाक खाली ढकलणारी एमकॅस ही यंत्रणा विमानात आहे, हे बोइंगनेच वैमानिकांच्या पुस्तिकेत सांगितलं नव्हतं. म्हणजे वरच्यांनी दडवलं आणि खालच्यांनी अर्धंच लिहिलं. १० मार्च २०१९ ला इथिओपियात याच जातीचं विमान पडलं, आणखी १५७ गेले.

कोणी म्हणेल, विमानाशी आपल्या वस्तीचा काय संबंध? १५ जून २०२५ आठवा. आपल्या देहूरोडजवळच कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून चौघे गेले. तिथे तर धोक्याचा फलक लागलेला होता. बिघाड लिहिलेला होता, तरी पूल वापरात राहिला. न लिहिलेला बिघाड आणि लिहून दुर्लक्षित राहिलेला बिघाड, दोन्ही सारखेच मारतात.

कंत्राटी कामगारांमध्ये काम करताना एक वाक्य मी नेहमी ऐकतो : ‘मशीन खराब आहे हे लिहून दिलं, तर उद्यापासून येऊ नको म्हणतील.’ बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती इथेही काम करते. जो यंत्राच्या सगळ्यात जवळ असतो, त्याचाच शब्द सगळ्यात हलका धरला जातो.

यावर उपाय आहे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि मेकॅनिक चूक किंवा बिघाड विमान नियामकाऐवजी नासाकडे कळवू शकतात. कळवणाऱ्याचं नाव काढून टाकलं जातं आणि धडा सगळ्यांपर्यंत जातो. शिक्षेची भीती गेली की माणूस बोलतो.

म्हणून मित्रांनो, अपघातानंतर मेणबत्त्या लावून थांबू नका. आपल्या कारखान्यात, डेपोत, नगरपालिकेत तीन गोष्टी मागा : बिघाडाच्या तक्रारीची लेखी पोच, तक्रार करणाऱ्याच्या नोकरीला संरक्षण, आणि धोका दिसताच काम थांबवण्याचा कामगाराला अधिकार. ही दयेची मागणी नाही, जगण्याच्या हक्काची आहे.

जय भीम!